‘एन्डॉस्मॉसिस’ : एका शब्दाचे कूळ

निवासी शाळेतील मुलांना इंग्रजीचे अवघड शब्द शिकवू नयेत, पाठ्यपुस्तकापुरते आले तरी पुष्कळ झाले, असे सांगणारे हितचिंतक आम्हांस वरचेवर भेटतात. त्यांचा हेतू चांगला असेल. सल्ला मात्र आम्हांस मान्य नाही.

बाबासाहेबांचा १९३६ सालचा ‘अनाइहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथ हाती घेणारा विद्यार्थी ‘सोशल एन्डॉस्मॉसिस’ या शब्दांपाशी अडखळतो. शब्दकोश ‘अंतःपरासरण’ असा प्रतिशब्द देऊन मोकळा होतो. एका कुलपाऐवजी दुसरे कुलूप! म्हणून शब्दाचे कूळ विचारावे लागते (शब्दाचेच, माणसाचे नव्हे). ग्रीक भाषेत ‘एन्डॉन’ म्हणजे आत आणि ‘ओस्मॉस’ म्हणजे रेटा. यांवरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्युत्रोशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा शब्द घडविला. रात्री पाण्यात घातलेल्या सुक्या मनुका सकाळी टपोऱ्या होतात. साल फाटत नाही, तरी पाणी आत शिरते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तो याच व्यवहाराचा उलटा ओघ. भोजनगृहातील मावशींना हे विज्ञान पूर्वीपासून अवगत आहे. नाव तेवढे ठाऊक नसते.

जॉन ड्यूई यांनी १९१६ साली ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये हा शब्द समाजाला लावला. विशेषाधिकारी आणि अंकित अशी फाळणी झाली की समाजातील हे झिरपणे थांबते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब ड्यूईंचे विद्यार्थी. १९१९ साली साउथबरो समितीपुढील निवेदनात त्यांनी हा शब्द योजिला आणि १९३६ साली तो थेट बंधुतेशी व लोकशाहीशी जोडला. ज्या समाजात जातींच्या भिंतींतून काहीच आरपार जात नाही, त्याचे वर्णन करण्यास याहून नेमका शब्द आम्हांस तरी सुचत नाही. पुढे ‘फ्रॅटर्निटी’ हाही शब्द त्यांना अपुरा वाटला; ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये त्यांनी बुद्धांचा ‘मैत्री’ हा शब्द अधिक यथार्थ मानला.

मैत्री तर आमच्या मुलांना वंदनेपासून परिचित आहे. मग तिथवर पोहोचणारी वाट त्यांच्यासाठी अवघड ठरविणारे आपण कोण? पन्नास शब्दांची यादी घोकून घेण्यापेक्षा चामटोलीच्या वर्गात आठवड्यास एकच शब्द घ्यावा, पण त्याच्या कुळासह घ्यावा. आणि त्या दिवशी फळ्याशेजारी पाण्याची वाटी व मूठभर मनुका असाव्यात.