चॉकलेटच्या झाडाचे कलम



हनुक्का आला की घरोघरी सोनेरी कागदातल्या चॉकलेटच्या मोहरा येतात. मुले त्या उघडपणे खातात, आम्ही म्हातारी मंडळी डॉक्टरांची नजर चुकवून खातो. हे चॉकलेट ज्या कोकोच्या झाडापासून होते, ते झाड एका देशात कसे बुडता बुडता वाचले ते आज सांगतो.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर देश आहे. तिथला जुना 'नॅसिओनाल' जातीचा कोको फुलांसारख्या सुवासासाठी नावाजलेला. १९१० नंतर तिथल्या बागांवर दोन रोग आले. एकात फळे आतून सडतात, दुसऱ्यात फांदीला खराट्यासारखे कोंब फुटतात. त्याला लोक 'चेटकिणीचा झाडू' म्हणतात. (घाबरू नका रे, चेटकीण वगैरे नाही, बुरशीच ती!) बागाच्या बागा बसल्या, मालक बुडाले.

पुढे १९५० च्या दशकात होमेरो कास्त्रो नावाचे शेतीतज्ज्ञ नारानहाल गावी संकर करू लागले. काम मोठे चिकाटीचे. कोकोचे फूल नखाएवढे, तेही थेट खोडावर येते. एका झाडाचे पराग चिमट्याने दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, फूल झाकून ठेवायचे. फळ पिकायला पाच-सहा महिने, आणि त्याचे बी रुजवून झाड फळायला आणखी तीन ते पाच वर्षे! कास्त्रोंनी त्रिनिदादच्या आणि अ‍ॅमेझॉनच्या झाडांचा संकर केला, त्यात पूर्वेकडच्या जंगलातल्या एका झाडाची भर घातली. १९६५ साली हवे ते झाड हाती आले. त्याचे नाव सीसीएन ५१.

आता हे झाड वाढवायचे तर बी चालत नाही. हापूसची कोय लावून हापूस येत नाही, कलमच बांधावे लागते, हे आपल्या कोकणातल्या मंडळींना काय सांगायचे! तसेच याचेही.

झाड झाडूच्या रोगाला पुरून उरले, फळेही भरपूर. पण चव आंबट, तुरट. जुना सुवास कुठला? काहींनी दोन्ही बिया मिसळून विकल्या, तेव्हा खरेदीदार ओरडले. आम्हाला विचाराल तर शेतकऱ्याला नावे ठेवू नयेत. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने सुवास किती दिवस सांभाळायचा? मिसळणे मात्र वाईटच.

गंमत म्हणजे अर्धा दोष झाडाचा नव्हताच. या जातीच्या बियांभोवतीचा गर फार पाणीदार. बिया जुन्या रीतीने आंबवल्या की आंबट होतात. आधी गराचे पाणी निथळू द्यावे, मग नॅसिओनालपेक्षा जास्त दिवस आंबवाव्यात, की चव पुष्कळ सुधारते. मात्र फुलांचा वास येत नाही. म्हणून पिचिलिंगे इथल्या सरकारी केंद्रात नॅसिओनालच्याच कुळातून जास्त फळणारी झाडे निवडली गेली.

मुलांनो, घरी बिनदुधाचे पारवे चॉकलेट आले आणि वेष्टणावर 'नॅसिओनाल' लिहिलेले दिसले, तर आधी हुंगून बघा. आणि एक तुकडा आजी-आजोबांना द्या, डॉक्टरांना सांगू नका.