नक्कल कर्नेललाच करू द्या

एका फाइल डिस्क्रिप्टरमधला डेटा दुसऱ्यात न्यायला रीड-राइटचा साधा लूप पुरेसा आहे, असे अनुभवी प्रोग्रामर आजही ठामपणे सांगतात. लूप कुठेही चालतो, वाचताक्षणी कळतो, आणि सेंडफाइल, कॉपी-फाइल-रेंज यांसारखे सिस्टीम कॉल ऐनवेळी दगा देतात, असा त्यांचा पक्ष. पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

डिस्कवरून आलेला डेटा कर्नेलच्या पेज कॅशमध्ये असतोच. रीड त्याची प्रत प्रोग्रामच्या बफरमध्ये काढतो आणि राइट तीच पुन्हा कर्नेलमध्ये ढकलतो. मधल्या वेळात प्रोग्राम त्या बाइटांकडे ढुंकूनही पाहत नाही. ज्याला मजकूर वाचायचाच नाही, त्याच्या हातातून तो जावाच कशाला? लिनक्सच्या 2.2 आवृत्तीत, 1999 साली, सेंडफाइल आला तो हा फेरा टाळण्यासाठी.

फाइलमधून फाइलमध्ये नेताना तर प्रश्न नुसत्या वेगाचा राहत नाही. 2016 च्या कॉपी-फाइल-रेंजमध्ये प्रोग्राम आपला हेतूच सांगतो: इतके बाइट इथून तिथे. मग एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस एकही ब्लॉक न हलवता तेच ब्लॉक दोन्ही फाइलींना वाटून देऊ शकते. बफर कितीही मोठा घ्या, लूपला हे साधणार नाही. कर्नेलला एक वाचन दिसते, एक लेखन दिसते. त्यांचा परस्परसंबंध दिसत नाही.

दग्याचा आक्षेप खोटा नाही. प्रॉक या कर्नेलच्या आभासी फाइलसिस्टीममधल्या फाइलींचा आकार शून्य दिसतो, म्हणून कॉपी-फाइल-रेंज शून्य बाइट परत करी आणि नक्कल मुकाट्याने रिकामी राही. गो भाषेच्या मानक लायब्ररीला त्याचा फटका बसला. पण हा दोष सुधारण्याजोगा होता आणि सुधारला गेला: 2022 च्या लिनक्स 5.19 पासून वेगळ्या जातीच्या फाइलसिस्टीमांमधली अशी नक्कल कर्नेल नाकारतो.

आणखी एक आक्षेप वजनदार आहे. भोर तालुक्यातल्या शिवरे गावचा शेतकरी सातबाऱ्याची पीडीएफ मोबाइलवर उतरवतो, तेव्हा ती कूटबद्ध होऊनच यायला हवी. मग बाइट प्रोग्रामच्या हाती द्यावे लागणारच ना? 2017 पर्यंत हे खरे होते. लिनक्स 4.13 मध्ये टीएलएसचे कूटलेखन कर्नेलमध्येच करण्याची सोय आली, आणि सेंडफाइल तिथेही वापरता येतो.

लूप फेकून द्या असे मी म्हणत नाही. लिनक्सवर सेंडफाइल एका कॉलमध्ये फार तर 2,147,479,552 बाइट नेतो, कधी त्याहून कमी. म्हणून परत आलेला आकडा तपासून उरलेले पुन्हा मागावे, आणि कॉलच नाकारला गेला तर लूपवर यावे. जीएनयूची सीपी आज्ञा 2021 च्या 9.0 आवृत्तीपासून उपलब्ध असेल तिथे कॉपी-फाइल-रेंज वापरते आणि नसेल तिथे जुन्या लूपने काम भागवते.