गळ की गांडूळ?

काय दोस्तांनो, नदीवर मासे पकडताना कुणाला पाहिलंय का? गळाच्या आकड्याला गांडूळ टोचतात आणि दोर पाण्यात सोडतात. माशाला दिसतं ते फक्त गांडूळ. आतला आकडा काही दिसत नाही. ‘वा, आयता खाऊ!’ म्हणून तो तोंड उघडतो, आणि संपलं!

मोबाइलवर येणारे काही निरोपही असेच असतात बरं का. ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, इथे बोट लावा.’ ‘तुमचं खातं आज बंद होणार, ताबडतोब माहिती भरा.’ या फसवणुकीचं नावच मुळी फिशिंग, म्हणजे गळ टाकणं! गळ टाकणारा कुठेतरी दूर बसलेला असतो. आणि गळाला लागतं काय? आजोबांचं पेन्शन, नाहीतर आईने भिशीत साठवलेले पैसे.

मोठी माणसं म्हणतात, ‘सावध राहा.’ कबूल! पण सावध राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन नावाचं विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांच्यात पोन्नुरंगम कुमारगुरू हे आपल्या भारतातले संशोधकही होते. या मंडळींनी २००७ साली चक्क एक खेळच तयार केला. नाव ‘अँटी-फिशिंग फिल’. फिल हा एक छोटा मासा. त्याच्यासमोर गांडुळं येतात आणि प्रत्येक गांडुळावर एका वेबसाइटचा पत्ता असतो. पत्ता खरा असेल तर गांडूळ खायचं, खोटा असेल तर सोडून द्यायचं. एकूण ४ फेऱ्या, प्रत्येक फेरीत ८ गांडुळं आणि वेळ फक्त २ मिनिटं. अडलंच तर फिलचे बाबा कानमंत्र द्यायला हजर!

आता गुण कसे मिळतात ते नीट बघा. खोटं गांडूळ खाल्लं तर एक जीव गेला. पण खरं गांडूळ भिऊन सोडलं तरी १० सेकंद कापले जातात. म्हणजे ‘सगळंच खोटं’ म्हणून हात झटकणारा इथे जिंकत नाही!

मग त्यांनी या खेळाची परीक्षा घेतली. माणसांचे तीन गट केले. आधी सगळ्यांना १० वेबसाइट दाखवून विचारलं, ‘खरी की खोटी?’ नंतर १५ मिनिटं एका गटाने हा खेळ खेळला, दुसऱ्याने खेळातलाच मजकूर कागदावर वाचला आणि तिसऱ्याने नेहमीची माहिती वाचली. मग पुन्हा नव्या १० वेबसाइट. खेळणारा गट सरस ठरला! नेहमीची माहिती वाचणारे जास्त सावध झाले होते खरे, पण खऱ्या वेबसाइटवरही संशय घ्यायला लागले होते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं! खेळणाऱ्यांना मात्र दूध कोणतं आणि ताक कोणतं, हे ओळखता येऊ लागलं होतं.

घाबरणं वेगळं आणि ओळखता येणं वेगळं, ते असं.

मग ओळखायचं कसं? पत्रावरचा पत्ता आठवा. ‘मुंबई वडापाव सेंटर, मु. पो. कडेगाव, जि. सांगली.’ हे दुकान कुठे आहे? मुंबईत? छे! मुंबई फक्त पाटीवर आहे, दुकान सांगली जिल्ह्यात. वेबसाइटचंही तसंच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, पुढची पहिली तिरपी रेघ येईल तिथे थांबा आणि शेवटाकडून उलटं वाचत या. ‘माझीबँक डॉट बक्षीसवाटप डॉट कॉम’ हा पत्ता बघा. (खरे पत्ते बहुधा इंग्रजी अक्षरांत असतात, आपण सोयीसाठी मराठीत लिहू.) इथला मालक बक्षीसवाटप! ‘माझीबँक’ ही नुसती पाटी. आपल्या रिझर्व्ह बँकेने तर २०२५ मध्ये भारतातल्या बँकांना ठरवूनच दिलं, की पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असाच हवा. आणि हो, अक्षरंही नीट पाहा. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’सारखे दिसतात, आणि ‘ओ’च्या जागी शून्य बसवलेलं पटकन कळत नाही.

चला तर, आता घरीच खेळू या! १६ चिठ्ठ्या करा. ८ खऱ्या, ८ खोट्या. निम्म्या खऱ्या हव्यातच, नाहीतर सगळे ‘गळ, गळ’ ओरडूनच जिंकतील. एका चिठ्ठीवर लिहा, ‘बिल थकलंय, रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा.’ दुसरीवर, ‘५००० रुपये मिळवण्यासाठी पिन टाका.’ (हा गळच! यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.) खऱ्या चिठ्ठ्यांसाठी घरच्यांच्या मोबाइलवर आलेले खरे निरोप त्यांना विचारून उतरवून घ्या. खातेक्रमांक आणि ओटीपी मात्र गाळा हं! घड्याळ लावा, आजी-आजोबांनाही खेळायला बसवा. नुसतं ‘गळ’ म्हणून गुण नाहीत, ‘का?’ तेही सांगायचं. खरी मेख त्या ‘का’मध्येच आहे.

आणि समजा, खेळात नव्हे, खरोखरच कुणी गळाला लागलं तर? तुम्ही किंवा आजोबाही. ‘रागावतील’ म्हणून गप्प बसायचं नाही. लगेच घरात सांगायचं, १९३० या नंबरवर फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. जितक्या लवकर सांगाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि आजोबा फसले असतील तर त्यांना हसू नका. गळ टाकणारा रोज तेच काम करतो, तो तयारीचाच असतो.

तुमच्या खेळात सगळ्यांना चकवणारी चिठ्ठी कोणती निघाली? आम्हाला जरूर लिहून पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!