राख उचलली, पण ती गेली कुठे?

वर्धा नदीकाठच्या गावांत तरुणांची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो. नदी साफ करायला आम्ही काय करू शकतो? आजवर आमचे उत्तर ठरलेले होते. रविवारी सकाळी या, हातमोजे आणा, पोती आम्ही देतो. कौंडण्यपूरच्या घाटावरचे प्लास्टिक, निर्माल्य, जुने कपडे गोळा करायला दोन-तीन तास पुरतात. फोटो निघतात, चहा होतो, मुले समाधानाने घरी जातात. राज्य सरकारनेही २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले आणि त्यात ७५ नद्या घेतल्या. या कामाला आम्ही नावे ठेवत नाही. पण कारखान्याने नासवलेला नदीकाठ झाडूने साफ होत नाही. तिथे ‘लोकसहभाग’ म्हणजे नेमके काय, हे आपल्या चळवळीत नीट विचारले गेलेले नाही. आम्हीही ते उशिराच विचारू लागलो.

विदर्भातले सर्वात जवळचे उदाहरण नागपूरच्या उत्तरेला आहे. कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन औष्णिक वीज केंद्रे शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही मिळून तीन हजार मेगावॉटच्या वर वीज तयार करू शकतात. आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो कोळसा जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ती पाण्यात कालवून पाइपने मोठ्या तलावांत सोडतात. तलावाला मातीचा बांध असतो. राख तळाशी बसते, पाणी झिरपते किंवा वाहते, आणि राखेतले जड धातू त्या पाण्याबरोबर जातात. उन्हाळ्यात तलाव सुकला की तीच राख वाऱ्याने घरांत, पिकांवर, विहिरीत येते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी या परिसराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी गावोगावी जाऊन विहिरी, हातपंप, नाले आणि नद्यांचे नमुने घेतले. अनेक नमुन्यांत पारा, आर्सेनिक, लिथियम यांसारखे घटक मर्यादेपेक्षा जास्त सापडले. गावकरी हे वर्षानुवर्षे सांगतच होते. फरक एवढाच, की आता ते आकड्यांत आले.

त्याच सुमारास पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावजवळ खापरखेड्याची राख टाकणे सुरू झाले होते. (अमरावतीजवळचे आपले नांदगाव पेठ वेगळे, त्याकडे पुढे येऊ.) शेतकऱ्यांनी विरोध केला, अहवाल हातात होता, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे नांदगावला आले. राख टाकणे थांबवण्याचे आदेश निघाले आणि टाकलेली राख उचलायला सुरुवात झाली. लोकांनी आवाज उठवला आणि ट्रक उलट दिशेने फिरले, असे आपल्या राज्यात किती वेळा घडले आहे? हा विजय होता, आणि तो लोकांचाच होता.

पण पाचच महिन्यांनी, जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात, कोराडीच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला. राखेचा लोंढा शेतांतून, नाल्यांतून, कोलार नदीतून कन्हानच्या दिशेने गेला. कन्हान कोणाची नदी आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कामठी तिच्याच काठावर आहे. ड्रॅगन पॅलेसला जाणारा प्रत्येक जण त्या परिसरातून जातो. उत्तर नागपुरातल्या कितीतरी वस्त्या कन्हानचेच पाणी पितात. म्हणजे राख तलाव हा केवळ त्या चार-सहा गावांचा प्रश्न नव्हताच. तो आपल्या माठातला प्रश्न होता, आणि आपण त्यावर जवळजवळ काही बोललो नाही.

नांदगावच्या विजयाकडे आता पुन्हा पाहू. तिथली राख उचलायची, हे ठरले. ती कुठे न्यायची, कोणी उचलायची, उचलणाऱ्याच्या नाकावर काय बांधायचे, आणि खालची माती आता ठीक आहे असे कोणी म्हणायचे, या प्रश्नांची उत्तरे देताना गावाला कुठे बसवले होते? मंत्री आले म्हणून राख थांबली; ते आले नसते तर? जे कुणाच्या भेटीवर अवलंबून असते त्याला समाजशास्त्रात काहीही म्हणोत, आमच्या भाषेत त्याला मेहेरबानी म्हणतात.

या प्रश्नांची उत्तरे चुकली तर काय होते, याचा धडा अमेरिकेत आहे. टेनेसी राज्यात किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ च्या रात्री सरकारी वीज केंद्राच्या राख तलावाचा बांध फुटला. चाळीस लाख घनमीटरच्या आसपास राख नदीत आणि काठच्या जमिनीवर पसरली. सफाईला कित्येक वर्षे लागली, शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. तिथला कायदा आपल्यापेक्षा पुढचा आहे. १९७८ मध्ये लव्ह कॅनॉल वस्तीतल्या बायांनी रसायनांच्या ढिगावर बांधलेल्या आपल्या घरांसाठी लढा दिला, त्यातून १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. पुढे त्यात एक फार कामाची तरतूद झाली. बाधित वस्तीला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी सरकार ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान देते, म्हणजे कंपनीचा अहवाल लोकांच्या बाजूने वाचून दाखवणारा माणूस लोकांकडे असतो. किंग्स्टनमध्येही नागरिकांचा सल्लागार गट होता, बैठका झाल्या.

आणि तरीही नदीतून काढलेली सुमारे ४० लाख टन राख रेल्वेच्या डब्यांत भरून शेकडो मैल दूर, अलाबामा राज्यातल्या युनियनटाउनच्या कचरा भूमीवर नेऊन टाकली गेली. युनियनटाउन गरीब आहे आणि तिथले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत. किंग्स्टनची नदी साफ झाली, युनियनटाउनच्या ओसरीवर राख आली. तिथल्या लोकांनी नागरी हक्क कायद्याखाली तक्रार केली. २०१८ मध्ये पर्यावरण संस्थेने ती निकाली काढली, लोकांच्या विरोधात. राख उपसणाऱ्या कामगारांचे हाल वेगळेच. त्यांपैकी अनेक जण पुढे आजारी पडले, काही मेले. धोका नाही, मास्कची गरज नाही, असे आपल्याला सांगितले गेले, हे त्यांचे म्हणणे. २०१८ मध्येच नॉक्सव्हिलच्या ज्युरीने निर्णय दिला की कंत्राटदार कंपनीने कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी पाळली नाही.

या गोष्टीत लोकसहभाग नव्हता असे नाही. होता, पण ज्यांचा आवाज आधीच ऐकला जात होता त्यांचाच. सहभागाच्या टेबलावर जो नसतो, त्याच्या दारात ट्रक रिकामा होतो. हे वाचताना आम्हाला अलाबामा दिसत नव्हते. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठावर असलेला बौद्धपुरा दिसत होता.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. नवा प्रकल्प येताना लोकांना बोलण्याची एक जागा आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते; किमान ३० दिवस आधी सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, सगळ्याचे चित्रीकरण, इतिवृत्त स्थानिक भाषेतही. कोराडीत आणखी ६६० मेगावॉटचे दोन संच उभारण्यासाठी अशी सुनावणी २९ मे २०२३ रोजी झाली. विदर्भातल्या माणसाला तारखेवरूनच कळेल, ऐन नवतपा. तरी लोक गेले, बोलले. ऐकणे बंधनकारक आहे, मानणे नाही.

सफाईच्या वेळी मात्र ही सुनावणीसुद्धा नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रथमच आणले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यायची, प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोषी कोण ते शोधायचे, खर्च त्याच्याकडून घ्यायचा. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि प्रत्यक्ष काम फक्त ७ ठिकाणी सुरू होते. म्हणून नियमांचे स्वागतच आहे. पण त्यात अधिकाऱ्यांची, मंडळाची, तज्ज्ञ संस्थेची कामे दिवस मोजून दिली आहेत. गावाला तसे मोजलेले स्थान दिलेले नाही.

राखेच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनी औष्णिक केंद्राच्या राखेला ‘प्रमाण जास्त, परिणाम कमी’ अशा वर्गात टाकून धोकादायक कचऱ्याच्या व्याख्येतून बाहेर ठेवले आहे. उद्या तुम्ही राख तलावाची तक्रार घेऊन गेलात तर समोरचा अधिकारी हेच कलम दाखवील, याची तयारी ठेवा. त्याला उत्तर असे, की आम्ही राखेचे नाव विचारत नाही, विहिरीतल्या पाऱ्याचे आणि आर्सेनिकचे विचारतो.

राखेसाठी ३१ डिसेंबर २०२१ ची वेगळी अधिसूचना आहे. तिच्याप्रमाणे केंद्रांनी सगळी राख वापरात आणायची, न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये भरपाई, आणि तलावांत साठलेली जुनी राख दहा वर्षांत संपवायची. म्हणजे राख तलावांची सफाई कुणाला आवडो न आवडो, येत्या काही वर्षांत होणारच आहे. हजारो ट्रक, विटा-सिमेंटचे कारखाने, रस्त्यांचे भराव, कंत्राटी मजूर. ज्या जुन्या तलावावर झाडे लावली आणि तो स्थिर झाल्याचे प्रमाणपत्र मंडळाने दिले, तिथली राख मात्र उचलायची गरज नाही. वर हिरवळ, हातात प्रमाणपत्र, खाली जसेच्या तसे.

शुद्ध झाल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्याने द्यायचे, हा प्रकार आपल्या इतिहासात नवा नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर प्रश्न सुटला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि कागद व पाणी यांतले अंतर उघडे पडले. त्यानंतर सवर्णांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्धीकरण’ केले. पाणी घाण कशाने होते आणि साफ कशाने, हे ठरवण्याचा मक्ता आपलाच, हे त्यांना सांगायचे होते. न्यायालयातली लढाई मार्च १९३७ मध्ये, दहा वर्षांनी, उच्च न्यायालयात संपली. आपण २० मार्चला दरवर्षी जमतो, ते फक्त पाणी पिण्याच्या हक्कासाठी नाही. पाण्याबद्दल ठरवणाऱ्यांत बसण्याच्या हक्कासाठीही तो लढा होता, असे आम्ही समजतो.

कसे बसायचे, याचा नमुनाही आपल्याच ग्रंथात आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने दुसरा प्रस्ताव दिला. आपण दोघे निवडू, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये हा प्रसंग मध्यवर्ती ठेवला आहे. मतदानात सिद्धार्थ हरला, हेही त्यांनी लपवलेले नाही. पण पाचवा माणूस दोन्ही बाजूंच्या पसंतीचा असावा, ही सूचना आजच्या देखरेख समित्यांना लावून पाहा. आपल्याकडे समितीत केंद्राचा अधिकारी, मंडळाचा अधिकारी, महसूलचा अधिकारी आणि शोभेला सरपंच. नमुने कोणत्या विहिरीतून, कोणत्या महिन्यात घ्यायचे आणि कोणत्या प्रयोगशाळेत द्यायचे, हे गावाच्या पसंतीच्या तज्ज्ञाशिवाय ठरता कामा नये. पावसाळ्यानंतरच्या भरल्या विहिरीचा नमुना आणि मे महिन्याचा नमुना, दोन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात.

हे सगळे वऱ्हाडात कशाला, असे विचारणारे भेटतात. नांदगाव पेठचा १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प ऊर्ध्व वर्धा धरणाच्या पाण्यावर उभा आहे. त्याच धरणाचे दरवाजे उघडले की कौंडण्यपूरचा घाट बुडतो. अकोल्यात बाळापूर तालुक्यात पारसला महानिर्मितीचे ५०० मेगावॉटचे केंद्र आहे. या ठिकाणी काय बिघडले आहे वा नाही, याचा निवाडा आम्ही इथे करत नाही. कोळसा जळतो तिथे राख उरते, आणि दहा वर्षांची मुदत तिथेही लागू आहे. शिवाय कन्हान पुढे वैनगंगेला मिळते आणि आपली वर्धा त्याच वैनगंगेला भेटून प्राणहिता होते. वरच्यांनी आणि खालच्यांनी एकमेकांना अनोळखी राहायचे कारण नाही.

येत्या ग्रामसभेसाठी आम्ही दोन पानांचा मसुदा केला आहे. त्यात मागण्या थोड्याच आहेत. जवळच्या प्रत्येक राख तलावाच्या बांधाच्या सुरक्षा तपासणीचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. राख बाहेर जात असेल तर ट्रक कुठून निघाला आणि कुठे रिकामा झाला याची नोंद दोन्ही गावांना द्यावी. ज्या गावात ती उतरणार त्या ग्रामसभेची संमती आधी घ्यावी. राखेवर काम करणाऱ्या कंत्राटी मजुरांची यादी, मास्क आणि दर सहा महिन्यांनी छातीची तपासणी. बौद्धपुऱ्यातल्या आणि नाल्याकाठच्या विहिरींचे नमुने पहिले, शेवटी नव्हे. माहितीच्या अधिकारातले अर्ज वेगळे तयार आहेत, १० रुपयांचे तिकीट तेवढे लावायचे.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला बहुतेक गावांत होते. मसुदा घेऊन जाणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी, ठराव तोंडी मंजूर झाला म्हणून उठू नये. ग्रामसेवकाने तो इतिवृत्त पुस्तकात लिहून घेईपर्यंत तिथेच बसून राहावे आणि सही झालेल्या पानाचा फोटो काढून आणावा.