नंबर कुणाचा?

आमच्या घरी गणपतीत दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे आईचे मोदक कळीपाशी फुटतात. आणि दुसरी म्हणजे मामा आणि माझा मावसभाऊ यांचं वाजतं. म्हणजे अक्षरशः वाजवण्यावरनंच वाजतं!

मावसभाऊ हिंजवडीत कोडिंग करतो आणि जुलै उजाडला की ऑफिस सुटल्यावर नदीपात्रात ढोलाच्या सरावाला जातो. कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास. हाताला फोड, खांद्याला बाम आणि व्हॉट्सअॅपच्या डीपीला फेटा. मामा मात्र पक्के पेठेतले. तरुणपणी तालमीच्या लेझीममध्ये पुढच्या ओळीत होते. हलगी कडाडली की त्यांचे गुडघे आजही आपोआप हलतात, डॉक्टरांनी कितीही नको म्हटलं तरी.

"तुमचं पुण्याचं म्हणजे कवायत झाली लेका. शंभर जण एकच ठोका देत्यात. त्यात वाजवणारा दिसतोय कुठं?" हे मामा.

"मामा, शंभर जणांनी एकच ठोका देणं हीच तर खरी कसोटी आहे! तुमच्या झांजपथकात चार उड्या मारल्या की टाळ्या," हा मावसभाऊ.

मग दरवर्षीचा प्रश्न. नंबर एक कोण? झांजपथक की ढोल-ताशा? आपलं की पुण्याचं? आणि ठरवणार कोण? मामांचं उत्तर ठरलेलं. "महाद्वार रोडला परीक्षक नसतोय. वरच्या गॅलरीत बायका स्वयंपाक टाकून आल्या की समजायचं, पथक चांगलंय."

मला हा वाद कायम करमणुकीचा वाटायचा. गेल्या वर्षीपर्यंत. कारण गेल्या वर्षी मी स्वतःच परीक्षक झाले!

झालं असं की, एका मंडळानं झांज आणि ढोल पथकांची स्पर्धा ठेवली होती. तिसरे परीक्षक आयत्या वेळी आले नाहीत. मग 'पेपरात लिहिणाऱ्या मॅडम' आठवल्या. मला तालातलं काय कळतं, असं मी विचारलं, तर कार्यकर्ते म्हणाले, "मॅडम, कागद छापलेला आहे. तुम्ही फक्त आकडे भरायचे." बॉस, मी खूश! पहिल्या रांगेतली खुर्ची, छातीवर बिल्ला आणि चहा दर अर्ध्या तासाला.

कागदावर चार रकाने होते. ताल ४०, शिस्त २०, वेशभूषा २०, सादरीकरण २०. एकूण १००. बास.

सात पथकं झाली. शेवटी चुरस राहिली दोघांत. एक शहरातलं ढोल-ताशा पथक. सत्तरेक ढोल, एकसारखे पांढरे कुर्ते, केशरी फेटे, पुढे ध्वज. ताशांची तर्री सुरू झाली तेव्हा माझ्या कपातला चहा थरथरला, खोटं नाही सांगत. दुसरं होतं करवीर तालुक्यातल्या एका गावचं झांजपथक. अठरा जण, त्यात अकरा मुली. कुणाच्या पायात शाळेचे पीटीचे बूट, कुणाच्या पायात चपला. ओढण्यासुद्धा दोन रंगांच्या, बहुतेक कापड संपलं असावं.

त्या अठरा जणांनी मध्येच एक गंमत केली. सगळा दणदणाट ऐन भरात असताना सगळे एकदम थांबले. ढोल बंद, झांजा बंद. फक्त मागची एक मुलगी एकच झांज हळूहळू वाजवत राहिली. आठ ठोके. तेवढ्यात पूर्ण मैदान गप्प झालं, वडेवालासुद्धा. आणि नवव्या ठोक्याला सगळे परत एकत्र आले. अंगावर काटा आला माझ्या!

मी कागदाकडं पाहिलं. या आठ ठोक्यांसाठी रकानाच नव्हता. तालात दोन मार्क जास्त दिले आणि पुढं गेले.

निकाल लागला. शहरातल्या पथकाला तिघांचे मिळून २५१, गावच्या पथकाला २५०. एका मार्कानं! बाकीच्या दोन परीक्षकांचे मिळून गावचं पथक एका मार्कानं पुढं होतं. मागं पडलं ते माझ्या कागदावर. तालात मी त्यांना ३६ आणि शहरवाल्यांना ३४ दिले होते. शिस्त आणि सादरीकरण सारखंच. पण वेशभूषेत त्यांना १४ आणि शहरवाल्यांना १८. म्हणजे माझ्याकडून ८३ विरुद्ध ८५.

बक्षीस समारंभानंतर ती झांजवाली मुलगी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. अकरावी-बारावीतली असेल. भांडायला नाही हं, अगदी सरळ विचारायला. "मॅडम, आमचं कुठं कमी पडलं तेवढं सांगा की. पुढच्या वर्षी दुरुस्त करतो."

काय सांगणार होते मी? की तुम्ही वाजवण्यात पुढं होता, पण ओढण्यांत हरलात? मी म्हटलं, "छान झालं गं. पुढच्या वर्षी नक्की!" ती "बरं" म्हणाली आणि टेम्पोत चढली. हे 'बरं' त्यानंतर बरेच दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी, पत्रकाराचा स्वभाव म्हणा किंवा अपराधी मन म्हणा, शोधायला लागले. जगात कुणीतरी ढोल वाजवणाऱ्यांना नीट मार्क देत असेल की नाही?

देतात. अमेरिकेत 'ड्रम कोअर' म्हणून प्रकार आहे. पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडे घेऊन तरुण पोरं-पोरी फुटबॉलच्या मैदानावर चालत, पळत, आकृत्या करत दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करतात. वयाची अट असते, म्हणजे बहुतेक शाळा-कॉलेजच्या वयातली मुलं. त्यांची 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही संस्था १९७२ पासून स्पर्धा घेते. आपल्यासारखेच शंभर मार्क. त्यात ४० एकूण परिणामाला, ३० दृश्याला आणि ३० संगीताला. निकाल दशांशाच्याही खाली जातो. २०१४ साली कॅलिफोर्नियाच्या 'ब्लू डेव्हिल्स'ला चक्क ९९.६५ मिळाले होते. दहावी बोर्डातसुद्धा एवढे बघून आई विचारेल, उरलेले ०.३५ कुठं गेले!

आणि तिकडचे चाहते? अहो, मामा आणि मावसभाऊ परवडले! २००८ साली 'फँटम रेजिमेंट' या पथकानं स्पार्टाकसची, म्हणजे रोमन गुलामांच्या बंडाची गोष्ट मैदानावर मांडली. ते जिंकले ९८.१२५ ला. दुसरे आलेले ब्लू डेव्हिल्स ९८.१०० ला. फरक ०.०२५! काही जणांना आधीची साधी कूच आणि दणदणीत वाजवणं हवं असतं, काहींना गोष्ट, नाट्य, नेपथ्य हवं असतं. २००४ मध्ये माइकला परवानगी मिळाली आणि २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना, तेव्हा तर 'आता हे आमचं राहिलं नाही' असा सूर लागला. आपल्याकडं बेंजोत कीबोर्ड घुसला तेव्हा मामांनी हेच म्हटलं होतं, शब्दसुद्धा साधारण तेच. बोस्टन क्रुसेडर्स हे संस्थेच्या स्थापनेपासूनचं पथक, पण त्यांना पहिलं विजेतेपद मिळालं २०२५ साली. म्हणजे ५३ वर्षांनी! तोवर त्यांच्या चाहत्यांनी काय केलं असेल? जे आपण पेठेच्या फुटबॉल टीमसाठी करतो तेच. टीम हरली तरी पुढच्या मॅचला शाहू स्टेडियमवर हजर.

पण मला खरी महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. तिथं पूर्वी चुका मोजायची पद्धत होती. परीक्षक मैदानात वाजवणाऱ्यांच्या मागं मागं फिरायचे आणि चूक दिसली की टिकली, मार्क कापला. परिणाम काय होणार? ज्यात चूक होईल असं काही अवघड बसवायचंच कशाला! १९८४ च्या सुमारास ही पद्धत सोडून दिली आणि काय कमावलं ते मोजायला सुरुवात झाली. त्यानंतर कार्यक्रम जास्त धाडसी होत गेले. थोडक्यात काय, तर कागदावर जे छापाल तेच मैदानावर उगवतं.

आपल्याकडंही हे घडतंयच की. पुण्यात सत्तरच्या दशकात ज्ञान प्रबोधिनीनं शाळेतल्या मुलांचं पथक मिरवणुकीत आणलं, तेव्हा कौतुक होतं शिस्तीचं आणि बरच्यांचं. पुढं पथकं वाढली, मुलीही बरोबरीनं ढोल बांधू लागल्या, आणि हळूहळू कौतुक सरकलं आकड्याकडं. तुमचे किती ढोल? आमचे दीडशे! शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं एका पथकात तीसच माणसं असावीत असा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मावसभावानं त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. मला आनंदच झाला, पण एक प्रश्न पडला. तीस जणांत वाजवायचं ठरलंच असतं, तर कोणतं पथक उठून दिसलं असतं? माझ्या डोळ्यांसमोर अठरा जणंच आले.

राज्य सरकारच्या गणेशोत्सव मंडळांच्या स्पर्धेत ध्वनिप्रदूषण नसलेल्या वातावरणाला मार्क असतात. आता विचार करा, आपल्या गल्लीतल्या स्पर्धेत 'आवाज किती मोठा' याऐवजी 'आवाज लहान-मोठा किती सुंदर केला' याला दहा मार्क ठेवले तर? डॉल्बीच्या भिंतीला हे जमणारच नाही. तिला एकच येतं. माणसाच्या हाताला मात्र दोन्ही येतं. डॉल्बी बंदीच्या सतरा नोटिसांपेक्षा हा एक रकाना जास्त काम करेल, असं आपलं माझं मत.

आणि दुसरं. अमेरिकेतले परीक्षक कार्यक्रम चालू असताना रेकॉर्डरवर बोलत असतात. 'इथं छान, इथं डावी बाजू मागं पडली, हा बदल सुरेख.' ते रेकॉर्डिंग पथकाला मिळतं. वर परीक्षक आणि प्रशिक्षक समोरासमोर बसून बोलतात. आकड्यामागचं कारण पथकाला कळतं. ऑफिसात अप्रेझलला नुसतं 'थ्री पॉइंट टू' असं ऐकून बाहेर आलेल्या तमाम वाचकांना हे वेगळं समजावायला नको. रेटिंग कमी आल्याचा राग दोन दिवसांत जातो. का कमी आलं हेच कळलं नाही, तर पुढच्या वर्षी नेमकं काय करायचं?

यंदा मंडळाचा परत फोन आला. मी म्हटलं येते, पण माझ्या तीन अटी. वेशभूषेला पाचच मार्क. प्रत्येक कागदावर शेऱ्याची जागा. आणि निकालानंतर प्रत्येक पथकाशी दहा मिनिटं बोलायचं.

"मॅडम, सात पथकांना दहा दहा मिनिटं? पाहुणे ताटकळतील की!"

बरीच घासाघीस झाली. वेशभूषा पाचवर नाही, दहावर आली. उरलेले दहा 'चढ-उतार' नावाच्या नव्या रकान्याला गेले. शेऱ्याची जागा मान्य. दहा मिनिटं मात्र नामंजूर. मग मी ठरवलं, पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळी मी स्टेजवर बसणार नाही. मागं टेम्पोंपाशी जाऊन उभी राहीन. ज्यांना विचारायचं आहे ते येतील.

हे मी घरात सांगितलं, तर मावसभाऊ लगेच म्हणाला, "ताई, चढ-उतारात आमचं पथक मार खाणार गं. आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत फुल्ल असतो." आणि पंधरा मिनिटांनी तो खोलीत एकटाच, मांडीवर बोटांनी, हळू वाजवून बघत होता.

मामा म्हणाले, "आणि त्या गावच्या पोरी परत आल्या, तर?"

तर पहिल्यांदा मी त्यांना गेल्या वर्षीचा कागद दाखवणार आहे. वेशभूषेच्या १४ सकट. आठ ठोक्यांसाठी तेव्हा रकाना नव्हता, हेही सांगणार आहे. मग चिडल्या तर चिडू देत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एक वर्ष उशिरा का होईना, द्यायला हवं ना?