चेहऱ्याचा घसारा आणि भीतीचे हप्ते



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीला एक ताई आल्या होत्या. पत्रिकेवर विषय होता 'आरोग्य मार्गदर्शन'. नवकार झाला, स्तवन झालं, आणि ताईंनी पिशवीतून चार रंगांचे चार संच काढून टेबलावर मांडले. गुलाबी पंचविशीच्या आतल्यांसाठी, जांभळा पस्तिशीसाठी, सोनेरी पंचेचाळिशीसाठी आणि आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांसाठी चंदेरी. माझ्या हातात चंदेरी देत त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा उशिरा आलात, पण हरकत नाही."

मी वेळेवर आले होते. चार वाजताची बैठक, मी पावणेचारला सतरंजी घालत होते. पण त्यांना ते उशिरा येणं अभिप्रेत नव्हतं.

मला राग आला तो मात्र त्यानंतर. माझ्या जाऊबाईंची नात, वय वर्षं एकवीस, तिनं गुलाबी संच उचलला आणि आईकडे पैसे मागितले. मी विचारलं, "तुला कशाला गं?" तर म्हणाली, "आजी, आत्तापासून लावलं की पुढे सुरकुत्या येतच नाहीत." एकवीस वर्षांच्या मुलीनं या वयात परीक्षेला घाबरावं, गाडी शिकताना घाबरावं. ही चाळीस वर्षांनी येणाऱ्या सुरकुतीला आज घाबरते आहे, आणि त्या भीतीचा पहिला हप्ता आपण आपल्याच मंडळाच्या बैठकीत तिच्याकडून वसूल करून घेतला. म्हणून हा लेख. काहींना राग येईल, येऊ द्या.

मी वाणिज्य शाखेची. घरी आल्यावर आधी हिशेब केला. त्या संचातल्या सीरमची बाटली १५ मिलिलिटरची, किंमत १,४५० रुपये. म्हणजे लिटरला ९६,६६६ रुपये. आपण तुपाच्या डब्यामागे वीस रुपये वाढले तर दुकानदाराशी पाच मिनिटं वाद घालतो. इथे एकीनंही भाव विचारला नाही, फक्त 'गुगल पे चालेल का' एवढंच विचारलं.

यंत्रावर आपण घसारा धरतो तो कशासाठी? यंत्र झिजणारच, मग नवीन घेण्याची तजवीज आपल्या वहीत राहावी म्हणून. इथे घसारा आपल्या चेहऱ्यावर धरला जातो आणि निधी मात्र दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. असली नोंद कुठल्याही मुनीमजीनं केली असती तर आपल्या सासऱ्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी पेढीवर येऊ दिलं नसतं.

आता वेष्टनावरची भाषा बघा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे: स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी, रूप बदलण्यासाठी अंगाला चोळायची, लावायची, शिंपडायची वस्तू. बरं करण्यासाठी जे असतं ते औषध. म्हणून डबीवर 'सुरकुत्या जातात' असं सहसा लिहीत नाहीत, 'सुरकुत्या कमी दिसतात' असं लिहितात. तेलाचं बोट फिरवलं तरी कोरडी त्वचा फुगते आणि सुरकुती कमी दिसते. 'दिसतात' हा शब्द बारीक अक्षरात असतो, पण सगळा व्यवहार त्याच शब्दावर उभा आहे.

कातडी वयानुसार बदलतच नाही असं मी म्हणत नाही. बदलते. विशी उलटली की त्वचेला ताणून धरणारं कोलॅजन हळूहळू कमी व्हायला लागतं. पाळी बंद झाल्यावर तर पहिल्या पाच वर्षांत ते सुमारे तीस टक्क्यांपर्यंत घटतं. पन्नाशीत अचानक अंगाला खाज सुटते, टाचा भेगाळतात, गाल ओढल्यासारखे होतात, तेही याच काळात. पण या सगळ्यापेक्षा मोठा चोर वेगळा आहे, आणि तो आपल्या जालन्यात आठ महिने डोक्यावर असतो.

एक प्रयोग करा. आत्ताच करा. ब्लाउजची बाही वर करून दंडाची आतली बाजू बघा आणि मग हाताचा पंजा उलटा करून बघा. दोन्हींचा जन्मदिवस एकच आहे ना? मग एक जागा मऊ, एका रंगाची, आणि दुसरीवर डाग, सुरकुत्या, असं का? वय दोघींना सारखंच लागलं. ऊन एकीलाच लागलं.

२०१२ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. वय ६९, अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, जाड, खोल घड्यांची. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, ऊन खिडकीतून त्या गालावर यायचं. काच लावलेली असली तरी उन्हातला त्वचेत खोल जाणारा भाग काचेतून आत येतोच. आपल्या एमआयडीसीत लोखंडाच्या सळया भरून जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर उजवीकडे बसतात. कधी चहाच्या टपरीवर दिसले तर त्यांचा उजवा गाल बघा.

म्हणून माझ्या मते स्कूटीवर डोळे तेवढे उघडे ठेवून चेहऱ्याला सुती स्टोल गुंडाळणाऱ्या आपल्या मुली शहाण्या आहेत. आपण त्यांना 'डाकू' म्हणून हसत होतो. त्या शंभर-दीडशे रुपयांच्या कापडाने जे होतं ते चार संचांनी होत नाही. उघडं राहतं तिथे एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं सनस्क्रीन, जे परवडेल ते, पण भरपूर. दोन बोटांवर लांब रेघ ओढून जेवढं मावेल तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. आपण हळदीकुंकवाच्या बोटासारखं लावतो, त्याचा काय उपयोग? मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडया घालणाऱ्या बायकांना तर याची खरी गरज, आणि त्यांनाच कुणी विकायला येत नाही.

विशीत एवढंच पुरे. तिशी-चाळिशीत कुणाला आणखी काही करायचं असेल तर व्हिटॅमिन ए च्या कुळातलं ट्रेटिनॉइन नावाचं औषध आहे, त्याचा सुरकुत्यांवर उपयोग होतो हे डॉक्टरांनी तपासून पाहिलेलं आहे. पण ते औषध आहे, त्वचेच्या डॉक्टरांना विचारून घ्यायचं, आणि दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर नाही. त्याच कुळातलं रेटिनॉल दुकानात सहज मिळतं, गरोदरपणात तेही नको. त्या दिवशी जांभळ्या संचात ते होतं. समोर बसलेल्या पस्तिशीच्या आतल्या सुनांना ताईंनी हे विचारलं का? नाही. पन्नाशीनंतर अंग पुसल्याबरोबर, ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावायचं आणि साबण कमी करायचा. घरगुती उपायांच्या नावाखाली लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्यानं चट्टे उठतात. आजीबाईचा बटवाही तपासूनच उघडावा.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण दुसऱ्याची सांगणं सोपं असतं.

माझ्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी होणाऱ्या सुनेला फोनवर हसत म्हणाले होते, "बेटा, लग्नापर्यंत जरा उजळ दिसशील असं काहीतरी कर." एवढंच. माझ्या लेखी ते लाडाचं वाक्य होतं. तिनं ते मनावर घेतलं. एका मेडिकलमधून ट्यूब आणली, चिठ्ठी कुणी मागितली नाही. महिनाभरात चेहरा गोरा, तुकतुकीत. लग्नाच्या अल्बममध्ये ती खरंच सुंदर दिसते. पुढे थांबवली की आग व्हायची, म्हणून ती लावतच राहिली. वर्षभरात गालावर लाल शिरा, पुटकुळ्या, हनुवटीवर केस. स्वयंपाकघरात गॅससमोर उभी राहिली की डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायचे, पित्त असेल. औरंगाबादच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली आणि म्हणाले, यात स्टेरॉइड आहे, हिनं त्वचा पातळ होते. सावरायला दोन वर्षं गेली. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलं होतं ना." त्या वाक्याचं मिच्छामि दुक्कडम् मी दर संवत्सरीला मागते.

२०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तुमच्या गल्लीत तो पाळला जातो का, ते तुम्हीच बघा.

आणि हे सौम्य म्हणावं असं आहे. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, गोरं करणारी क्रीम लावत होत्या आणि तिघींच्या किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण सापडलं: क्रीममध्ये पारा. पारा त्वचेचा रंग तयार होणंच अडवतो म्हणून चेहरा भराभर उजळतो, आणि त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो. केरळमधल्या डॉक्टरांनी असेच किडनीचे २२ रुग्ण अभ्यासले आणि २०२४ मध्ये ते छापून आलं. त्यातल्या १५ जणांत एक ठरावीक प्रकारचा बिघाड सापडला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं कबूल केलं.

तुम्ही म्हणाल, हा गोरेपणाचा विषय झाला, वयाचा कुठे? बहिणींनो, आपल्याकडे दोन्ही एकाच डबीत येतात. 'डाग घालवा, उजळा, तरुण दिसा' एका दमात. आणि गंमत अशी की त्वचेतला जो सावळा रंग आपण घासून काढायला बघतो, तोच उन्हाला अडवतो. सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात. म्हणजे एका डबीनं छत्री काढून घ्यायची आणि दुसऱ्या डबीनं भिजल्याचा इलाज विकायचा.

चंदेरी संचात आणखी एक डबा होता, पाण्यात घालून प्यायची कोलॅजनची पावडर. कोलॅजन कशाचं असतं? मासळीची कातडी, जनावरांचं कातडं आणि हाडं. प्यायलेलं कोलॅजन पोटात जाऊन तुकडे तुकडे होतं, ते थेट गालावर जाऊन बसत नाही, हा भाग वेगळाच. आपण कंदमूळ वर्ज्य करतो, सूर्यास्तापूर्वी जेवतो, पाणी गाळून पितो, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधतो. डबीवर तो असतोच असं नाही, मग आतलं वाचायला नको? कार्माइन म्हणजे किडे वाळवून काढलेला लाल रंग, लिपस्टिकवर तो सीआय ७५४७० असा लिहिलेला असतो. 'स्नेल म्यूसिन' म्हणजे गोगलगायीचा चिकट स्राव. स्क्वालीन ऑलिव्हपासूनही मिळतं आणि शार्कच्या यकृतापासूनही. व्हिटॅमिनच्या मऊ गोळीचं आवरण बहुधा जिलेटिनचं. कोणत्या ते ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "सगळं नॅचरल आहे काकू." नॅचरलच आहे, गोगलगाय काय कारखान्यात होते?

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. बैठकीनंतर एक ज्येष्ठ बाई त्या एकवीस वर्षांच्या मुलीला म्हणाल्या, "हे देहाचे लाड कशाला? सनत्कुमार चक्रवर्तीची कथा ऐकली नाहीस?" कथा सर्वांना ठाऊक आहे. रूपाची कीर्ती ऐकून देव वृद्ध ब्राह्मणांच्या वेषात आले, राजा म्हणाला दरबारात सजून बसेन तेव्हा बघा, आणि सजून बसला तेव्हा देवांनी मान हलवली, काया तेवढ्यात बिघडायला लागली होती. सुंदर कथा. पण सनत्कुमार पुरुष होता. ही कथा आपण मुलींनाच का ऐकवतो? परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत मुलाच्या नावापुढे पॅकेज छापतो आणि मुलीच्या नावापुढे 'वर्ण' असा रकाना छापतो. त्यात 'सावळा' लिहिलेलं मी आजवर पाहिलं नाही. 'गहूवर्णी' ही आपली सर्वात धाडसी कबुली. वर्षभर तिला रकाना दाखवायचा आणि पर्युषणात अनित्य भावना ऐकवायची, हे मला आता पटत नाही. ज्या ताई संच विकायला आल्या त्यांना बाजार आपणच तयार करून दिला होता.

म्हणून मंडळाच्या अध्यक्षांकडे मी दोन गोष्टी लेखी दिल्या आहेत. मंडळाच्या बैठकीत यापुढे कुणाचाही माल विकला जाऊ नये, आरोग्यावर बोलायला डॉक्टरच बोलवावेत. आणि यंदाच्या परिचय पुस्तिकेतून 'वर्ण' हा रकाना काढावा. पहिलं मान्य होईल असं दिसतं. दुसऱ्यावर "समाज काय म्हणेल" सुरू झालं आहे.

येत्या शनिवारी चार वाजता पुन्हा बैठक आहे. येताना प्रत्येकीनं घरातली एक तरी डबी किंवा ट्यूब घेऊन या, वेष्टनासकट. अक्षरं फार बारीक असतात, भिंग मी आणते.