कुंडीतली हळद आणि हळदीची कंदकूज

रोप पिवळं पडलं, बुंधा मऊ लागायला लागला, की कुंडीत चमचाभर हळद टाका, हा सल्ला हल्ली बाल्कनीत बाग करणाऱ्यांना सगळीकडून मिळतो. हळद जंतुनाशक, घरातली, बिनविषारी. मग हरकत काय? हरकत अशी की, मातीत वाढणाऱ्या बुरशीवर ती तिथे चालते असं मानायला फारसा आधार नाही, आणि शंका घ्यायला सर्वांत मोठं कारण खुद्द हळदीच्या शेतात सापडतं. सांगली, हिंगोली, नांदेडचा हळद उत्पादक ज्या रोगाला सर्वांत जास्त धास्तावतो तो कंदकूज. पावसाची झड लागली, सरीत पाणी साचलं, की पानं कडेने वाळत जातात, खोडाचा बुंधा काळपट, मऊ पडतो, फुटवा हलक्या हाताने ओढला तरी उपसून येतो आणि गड्डा दाबला तर घाण वासाचं पाणी निघतं. यामागे प्रामुख्याने पिथियम, आणि जोडीला फ्युजेरियमसारख्या बुरशी असतात. वाफ्यातली कोवळी रोपं कोलमडतात त्यातही पिथियमचाच मोठा हात असतो. म्हणजे कुरकुमिनने, हळदीतल्या त्या पिवळ्या द्रव्याने, भरलेला अख्खा कंद ज्या बुरशीला अडवू शकत नाही, तिला चमचाभर पूड अडवेल, अशी आपली अपेक्षा आहे. या रोगासाठी शेतकऱ्याला सांगितलं जातं ते निचऱ्याची जमीन, गादीवाफा, निरोगी बेणं, बेणेप्रक्रिया आणि शेणखतातून ट्रायकोडर्मा. हळदपूड टाका असं तिथे कोणी सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, जिवंत कंद वेगळा आणि पूड वेगळी; शिवाय हळदीचा अर्क बुरशीची वाढ रोखतो हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण प्रयोगशाळेत अर्क बहुधा अल्कोहोलसारख्या द्रावकातून काढतात आणि मोजून थेट बुरशीच्या खाद्यात मिसळतात. कुंडीत यातलं काहीच होत नाही. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात त्याचं विघटन होतं, आणि बाजारची हळद शिजवून, वाळवून, दळून आलेली असल्याने तिच्यातलं उडून जाणारं तेलही काही प्रमाणात आधीच गेलेलं असतं. वरच्या थरावर पिवळी साय धरते. रोग मात्र वीतभर खाली, मुळांशी असतो.

‘पण आमचं रोप सुधारलं!’ सुधारलं असेलच, खोटं कशाला ठरवायचं? मात्र रोप आजारी दिसलं की माणूस हळद टाकतो, त्याच दिवशी पाणी तोडतो आणि कुंडी उन्हात सरकवतो. कुंडीतली मुळं कुजतात ती बहुतेकदा अतिपाण्याने, त्यामुळे गुण पाणी तोडल्याचा आणि श्रेय हळदीला, असा हा हिशेब असतो. एकाच जातीची दोन आजारी रोपं घेऊन एकाला हळद आणि दोन्हींना सारखंच पाणी दिल्याशिवाय काही ठरत नाही.

छाटलेल्या फांदीच्या टोकाला चिमूटभर कोरडी हळद लावायला माझी ना नाही. तिथे ओल टिपली जाते, नुकसान काही होत नाही. मोठ्या कापासाठी मात्र बागायतदार मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्टच वापरतात, आणि ते अनुभवाने.

म्हणजे रासायनिक औषधंच मारायची का? मुळीच नाही. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे, रोगकारक बुरशीवर जगणारी. कडुनिंबही घरगुतीच, पण आज कृषी सेवा केंद्रात तो अझाडिरॅक्टिन या त्यातल्या क्रियाशील घटकाचं प्रमाण बाटलीवर छापून मिळतो, म्हणून किती मारायचा हे ठरवता येतं. परंपरेतलं ज्ञान असं मोजून घेतलं की त्याचा अपमान होत नाही. हळदीबाबत हे मोजमाप कुंडीपर्यंत पोचलेलंच नाही. त्यात सुट्या पुडीत रंगासाठी लेड क्रोमेट या शिशाच्या संयुगाची भेसळ सापडल्याची उदाहरणं आहेत. मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीत शिसं कालवणं कोणाला परवडेल?

तेव्हा रोप मलूल झालं तर आधी कुंडीचं भोक तुंबलंय का ते पाहावं, बोट दोन पेरं खुपसून ओल तपासावी, ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्यावं. एवढ्याने भागलं नाही तर रोप उपसून मुळं बघावीत. पांढरी आणि टणक असतील तर दुखणं दुसरं आहे. तपकिरी, बुळबुळीत असतील तर तेवढी कापून, वाळू किंवा कोकोपीट घातलेल्या भुसभुशीत मातीत, शेणखतात मुरवलेल्या ट्रायकोडर्मासह रोप पुन्हा लावावं आणि वरची माती सुकेपर्यंत पाण्याचा झारा हातात घेऊ नये.